नगरपरिषदेच्या कारभारातील नागरी सहभाग

नगरपरिषदेच्या कारभारातील नागरी सहभाग म्हणजे शहरातील रहिवाशांनी मतदानाव्यतिरिक्त अन्य वैध मार्गांनी नगर प्रशासनाच्या निर्णयांत, त्यांच्या अंमलबजावणीत आणि तपासणीत घेतलेला भाग होय. सर्वसाधारण सभेस उपस्थित राहणे, विकास आराखड्यावर हरकती व सूचना नोंदविणे, करआकारणीवर आक्षेप घेणे, माहितीचा अधिकार वापरणे, वैधानिक समित्यांवर प्रतिनिधी म्हणून काम करणे या बाबींचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात मोठ्या महानगरपालिकांच्या संदर्भात या विषयाची चर्चा बरीच झाली आहे. चाळीसगावसारख्या मध्यम आकाराच्या नगरपरिषदांत मात्र त्याचे स्वरूप वेगळे आहे, कारण महानगरांसाठी असलेल्या काही घटनात्मक तरतुदी तेथे बंधनकारक नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश काळात व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना नवी दिशा मिळाली. या संस्थांत सरकारी सदस्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक नसावे आणि लोकांना कारभाराचे शिक्षण मिळावे, हे त्या ठरावाचे मुख्य सूत्र होते. मुंबई इलाख्यात १८८४ व १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्यांनी या धोरणास कायद्याचे रूप दिले. मतदानाचा हक्क मात्र प्रारंभी कर भरणाऱ्या व मालमत्ता असणाऱ्या मोजक्या पुरुषांपुरता मर्यादित होता. तत्पूर्वी १८७६ ते १८८२ या काळात महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे नियुक्त सदस्य होते.

स्वातंत्र्यानंतर प्रौढ मताधिकार लागू झाला. राज्यातील नगरपालिकांसाठी एकसमान चौकट मिळाली ती महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ या कायद्याने. चाळीसगाव नगरपरिषदेसह राज्यातील सर्व नगरपरिषदांचा कारभार आज याच कायद्यानुसार चालतो.

घटनात्मक चौकट

चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये संमत झाली व १ जून १९९३ पासून अमलात आली. तिने राज्यघटनेत भाग नऊ-अ समाविष्ट केला, दर पाच वर्षांनी निवडणूक बंधनकारक केली, राज्य निवडणूक आयोगाकडे त्या निवडणुकांची जबाबदारी सोपविली आणि बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविता येण्याजोगे १८ विषय नमूद केले. नगर नियोजन, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, घनकचरा व्यवस्थापन, झोपडपट्टी सुधारणा हे त्यांपैकी काही होत.

घटनेच्या अनुच्छेद २४३-ध नुसार तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात प्रभाग समित्या स्थापन करणे आवश्यक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार चाळीसगाव शहराची लोकसंख्या सुमारे ९७ हजार होती. त्यामुळे हे शहर या बंधनाच्या कक्षेबाहेर राहते. राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांची स्थिती अशीच आहे.

ग्रामीण व शहरी तरतुदींतील फरक येथे लक्षात घेण्याजोगा आहे. घटनेच्या भाग नऊमध्ये ग्रामसभेला स्पष्ट स्थान आहे. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. शहरांविषयीच्या भाग नऊ-अ मध्ये मात्र सर्व मतदारांची अशी सभा नाही. परिणामी चाळीसगाव तालुक्यातील एखाद्या खेड्यातील मतदार ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. तोच मतदार रोजगारासाठी तालुक्याच्या शहरात राहावयास आला व तेथील मतदार झाला, की त्याचा हा हक्क संपतो. नगरसेवकाला प्रश्न विचारण्यासाठी त्याला कोणतेही घटनात्मक व्यासपीठ उरत नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाने (२००५) राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली. त्यासाठी केंद्र सरकारने नमुना नगरराज विधेयक तयार केले. महाराष्ट्राने २००९ मध्ये महानगरपालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. एका वा काही मतदान केंद्रांच्या परिसरातील मतदारांनी एकत्र येऊन कामांचा प्राधान्यक्रम सुचवावा, अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक शहरांत अशा सभा नियमितपणे भरल्या नाहीत.

सहभागाचे प्रचलित मार्ग

निवडणूक व स्वीकृत सदस्य. मतदानासाठी किमान वय १८ वर्षे, तर उमेदवारीसाठी २१ वर्षे आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांमधून, याबाबतचे धोरण २००१ पासून अनेकदा बदलले. २०२२ मध्ये थेट निवडणुकीची पद्धत पुन्हा स्वीकारण्यात आली. नगर प्रशासनाचे विशेष ज्ञान वा अनुभव असणाऱ्या व्यक्तींना स्वीकृत सदस्य म्हणून घेण्याची तरतूद आहे. त्यांची संख्या एकूण सदस्यांच्या दहा टक्के किंवा पाच, यांपैकी जी कमी असेल तितकी असते. त्यांना सभेत बोलता येते, परंतु मतदान करता येत नाही. शिक्षक, डॉक्टर, अभियंते यांचा अनुभव सभागृहात यावा हा या तरतुदीचा हेतू होता. व्यवहारात या जागांवर अनेकदा राजकीय पक्षांचे कार्यकर्ते येतात, अशी टीका केली जाते.

सर्वसाधारण सभा. नगरपरिषदेची सभा सामान्यतः नागरिकांसाठी खुली असते. प्रेक्षक म्हणून उपस्थित नागरिकास चर्चेत भाग घेता येत नाही. तथापि आपल्या प्रभागाचा सदस्य कोणत्या विषयावर काय बोलला आणि कोणत्या ठरावाच्या बाजूने राहिला, हे त्याला प्रत्यक्ष पाहता येते.

विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करून ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागविणे बंधनकारक आहे. नियोजन समिती त्यांवर सुनावणी घेते. त्यानंतर आराखडा शासनाच्या मंजुरीसाठी जातो. शाळा, क्रीडांगण, भाजीबाजार, रस्ता यांसाठीची आरक्षणे या आराखड्यात ठरतात व ती पुढील सुमारे वीस वर्षे शहराचे रूप निश्चित करतात. हरकतीची मुदत टळल्यानंतर बदल करून घेणे कठीण असते. म्हणून जाणकार या टप्प्यास नागरी सहभागाची सर्वांत मोलाची संधी मानतात.

करआकारणीवरील आक्षेप. मालमत्ता कराची आकारणी यादी अंतिम होण्यापूर्वी मालमत्ताधारकास लेखी आक्षेप नोंदवून सुनावणी मागता येते.

माहितीचा अधिकार. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. त्याची जागा केंद्राच्या २००५ च्या कायद्याने घेतली. दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. रस्त्याच्या कामाचे अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका व देयके यांच्या प्रती या मार्गाने मिळू शकतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील द्वितीय अपिले राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात.

सेवा हक्क व तक्रार निवारण. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अंतर्गत जन्म-मृत्यू दाखला, नळजोडणी, थकबाकी नसल्याचा दाखला यांसारख्या अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत देणे आवश्यक आहे. सेवा देण्यात पुरेशा कारणाशिवाय कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. याखेरीज तालुका स्तरावर महिन्याच्या तिसऱ्या व जिल्हा स्तरावर पहिल्या सोमवारी लोकशाही दिन घेण्याची पद्धत आहे.

वैधानिक समित्या. पथविक्रेता अधिनियम, २०१४ नुसार मुख्याधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्या सदस्यांपैकी किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात व त्यांपैकी एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. हातगाडी व भाजीविक्रेत्यांना निर्णयप्रक्रियेत प्रत्यक्ष स्थान देणारी ही दुर्मीळ तरतूद आहे.

महाराष्ट्रातील प्रयोग

मुंबईत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महानगरपालिकेने रहिवाशांच्या गटांना कचरा व्यवस्थापनात सहभागी करून घेणारी प्रगत परिसर व्यवस्थापन योजना सुरू केली. घाटकोपर येथील एका गल्लीतील प्रयत्नापासून तिला प्रेरणा मिळाली होती. २००७ च्या महानगरपालिका निवडणुकीत जुहू परिसरातून अडॉल्फ डिसोझा हे नागरिकांनी उभे केलेले उमेदवार म्हणून निवडून आले.

पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रकाचा उपक्रम हाती घेतला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ पासून राबविलेल्या पद्धतीशी त्याचे नाते आहे. पुण्यात नागरिक पदपथ, पथदिवे, बाक यांसारखी छोटी कामे लेखी सुचवितात व निवडक कामांना अंदाजपत्रकात तरतूद मिळते. पोर्तो अलेग्रेत नागरिक सभांमधून प्राधान्यक्रम ठरवीत. पुण्यात ते केवळ सूचना करतात, निवड प्रशासन करते, हा दोहोंतील मुख्य भेद आहे.

चाळीसगावच्या संदर्भात

चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन आहे. येथून धुळ्याकडे फाटा जातो. तितूर व डोंगरी या नद्या शहरातून वाहतात. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे या नद्यांना महापूर आला, नदीकाठच्या वस्त्या व बाजारपेठेत पाणी शिरले आणि कन्नड घाटात दरड कोसळून वाहतूक बंद पडली.

या आपत्तीने नगर नियोजन व नागरी सहभाग यांतील संबंध अधोरेखित केला. राज्यात नदीकाठी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते आणि त्यानुसार बांधकामावर निर्बंध येतात. या रेषा आराखड्यात कोठून जातात, नाल्यांचे प्रवाह कोठे अडले आहेत, पात्रात भराव कोठे पडला आहे, याची माहिती काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांकडे असते. ती हरकतींच्या मुदतीत लेखी नोंदली गेली, तरच नियोजनात तिचा उपयोग होतो. पूर ओसरल्यावर केलेली तक्रार पंचनाम्यापुरती उरते.

मर्यादा

राज्यातील अनेक नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस व २०२२ च्या प्रारंभी संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा व प्रभागरचनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे निर्देश दिले व डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. मधल्या काळात अशा शहरांत लोकनियुक्त सभागृह नव्हते. जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जात असल्याने, नगरसेवक नसताना त्या समितीतील शहरांचा आवाजही क्षीण झाला.

दुसरी मर्यादा आर्थिक आहे. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात रद्द झाल्यानंतर त्यांचे शासकीय अनुदानावरील अवलंबित्व वाढले. निधी मंत्रालयातून येत असल्यास उत्तरदायित्वही वरच्या दिशेने वळते, असे या विषयाचे अभ्यासक मानतात. तिसरी मर्यादा वेळेची व ज्ञानाची आहे. सूचना कार्यालयाच्या फलकावर व वृत्तपत्राच्या आतील पानावर प्रसिद्ध होते, सुनावणी कामाच्या दिवशी असते आणि अर्जाची भाषा कार्यालयीन असते. रोजंदारीवर जगणाऱ्यांना, स्त्रियांना व भाडेकरूंना त्यामुळे सहभाग घेणे अवघड जाते. परिणामी हरकती नोंदविणाऱ्यांत जमीनमालक व व्यावसायिक यांचे प्रमाण अधिक राहण्याचा संभव असतो.

लहान शहरांसाठी प्रभागनिहाय वार्षिक सभा सक्तीची करणे, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त संकेतस्थळावर नियमित प्रसिद्ध करणे आणि आराखड्यावरील सुनावणी प्रभागात जाऊन घेणे, असे उपाय सुचविले जातात. यांपैकी शेवटच्या दोहोंसाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही; नगरपरिषदेच्या ठरावाने व प्रशासनाच्या इच्छेने ते अमलात आणता येतात.