संध्याकाळचं आकाश आणि जीपीएसचा अंदाज

मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याची पेरणी ऐन भरात असताना अनेक शेतकऱ्यांना ट्रॅक्टर थांबवावे लागले. उपग्रहांच्या संकेतांवर बोटभर अचूकतेने तास धरणारी त्यांची यंत्रणाच भरकटली होती. २००३ नंतर प्रथमच 'जी-५' या सर्वोच्च दर्जाचं भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं होतं.

जीपीएसचा संकेत वीस हजार किलोमीटरवरून येतो. घोळ होतो तो शेवटच्या हजारभर किलोमीटरमध्ये, आयनांबरात. तिथले मोकळे इलेक्ट्रॉन संकेताला उशीर करतात, आणि सेकंदाच्या अब्जांश भागाचा उशीर म्हणजे तीस सेंटिमीटरची चूक. थर सलग असेल तर ती वजा करता येते. विमानांसाठी आपली 'गगन' यंत्रणा हेच करते.

खरी परीक्षा सूर्यास्तानंतर असते. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. म्हणूनच १९६३ मध्ये अग्निबाणांसाठी थुंबा निवडलं गेलं. तिथे अंधार पडताच आयनांबराचा खालचा भाग झपाट्याने विरळ होतो, वरचा दाट थर आणखी उचलला जातो. तेलावर पाणी ओतल्यासारखी ही अस्थिर रचना. मग विरळ प्लाझ्माचे बुडबुडे वर उसळतात आणि चुंबकीय रेषांच्या दिशेने उत्तर-दक्षिण पसरत महाराष्ट्राच्या आकाशातही येतात. त्यांतून येणारा संकेत लुकलुकतो, कधी तुटतोच. सूर्य सक्रिय असताना, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, हे अधिक घडतं.

सौरवादळाची चाहूल तरी लागते. सूर्यावरून निघालेला प्लाझ्माचा लोट पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस घेतो. पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरचं आपलं आदित्य-एल१ यान त्याला वाटेतच मोजतं. बुडबुड्यांचं तसं नाही. आज उठले, उद्या तशाच सूर्याखाली उठत नाहीत. मोठं वादळ कधी त्यांना चेतवतं, कधी दाबूनही टाकतं. त्यामुळे आयते परदेशी इशारे आपल्याला पुरणार नाहीत, असं मला ठामपणे वाटतं.

इथूनच आकाश पाहत राहण्याची परंपरा आपल्याकडे आहे. १८५९ च्या कॅरिंग्टन सौरवादळाची नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झाली होती. विजेच्या ट्राममुळे मोजमापं बिघडू नयेत म्हणून ते काम पुढे अलिबागला गेलं. त्याच परंपरेतल्या, पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापुरात लावलेल्या कॅमेऱ्याला रात्रीच्या क्षीण तांबड्या प्रकाशात हे बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात. जीपीएस रोव्हरने जमीन मोजणाऱ्या भूमापकाला आज संध्याकाळी संकेत टिकेल का, हे दुपारीच सांगायचं, तर अशा नोंदी वर्षानुवर्षं, रोजच्या रोज लागतात.