घरी सापांची वीण : आरंभ कोठून करावा

बोनस, ग्रॅच्युइटी आणि हजेरीपट यांवर बोलण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा आम्ही सापांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या तरुण कामगारांत आम्ही वावरतो, त्यांच्यातलेच दोघेतिघे अलीकडे विचारू लागले, की परदेशात लोक घरी साप पाळतात, त्यांची पिल्ले विकतात, तसा जोडधंदा आपल्याला जमेल काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला कॉलेजचा लाभ झाला नाही, त्याने कोणताही विषय पुस्तके चाळून आणि जाणत्यांना विचारूनच समजून घ्यावयाचा असतो. याही विषयात आम्ही तेच केले आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. आपल्या शेतात, कोठारात, कौलांत जे साप दिसतात, ते पाळावयाचे नाहीत. नाग, घोणस, धामण, अजगर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. घरच्या विणीचा सारा व्यवहार चालतो तो मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मलेल्या काही थोड्या बिनविषारी जातींचा. त्यांत नवशिक्याला सगळ्यांत सोयीची मानली जाते ती कॉर्न स्नेक ही जात. तिचेच उदाहरण आम्ही घेतो.

हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला. मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागे तो सापडे, म्हणून त्याला मक्याचे नाव पडले, असे काही म्हणतात. त्याच्या पोटावरची काळी-पांढरी चौकट तिकडच्या रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून, असे दुसरे म्हणतात. आपल्या धामणीच्याच कुळातला, पण अंगाने लहान. पूर्ण वाढ झाल्यावर तीन ते पाच फूट. विष नाही, स्वभाव शांत, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. आज विशीत असलेल्या मुलाने साप आणला, तर त्याचे लग्न होऊन मुले शाळेत जाऊ लागली तरी साप घरात असणार.

साप दूध पीत नाही, पुंगीवर डोलत नाही आणि मालकाला कुत्र्यासारखा जीव लावीत नाही. त्याला हवे असते ते ठरावीक उष्णतेचे, कोरडे, लपण्यास जागा असलेले घर. पेटीच्या एका टोकाला २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २२ ते २४ अंश अशी उष्णता ठेवतात, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. उष्णता अंदाजाने ठेवावयाची नसते. थर्मोस्टॅट लावून, मोजून ठेवावयाची असते. एका पेटीत एकच साप. दोन ठेवले तर एक उपाशी राहतो, आणि क्वचित एकाने दुसऱ्याला गिळल्याचीही उदाहरणे आहेत. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण सापाच्या अंगावरून साल्मोनेला नावाचे जंतू माणसाला लागतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तर सापापासून दूरच ठेवावे.

आता विणीकडे वळू. मादी निदान तीन वर्षांची आणि वजनाने ३०० ग्रॅमच्या वर असल्याशिवाय जाणते लोक तिला नराजवळ सोडीत नाहीत. लहान मादीच्या पोटात अंडी अडकतात आणि ती मरते. नर-मादी ओळखणे हेही काम आहे: नराची शेपूट गुदद्वारापुढे लांब आणि जाड असते, मादीची एकदम निमुळती होते. नक्की खात्री सळई घालून करतात, पण ते शिकलेल्या हातानेच करावे. अननुभवी माणूस सापाला कायमचा जायबंदी करतो.

हिवाळ्यात या सापांना थंडी देण्याची रीत आहे. आधी दोन-तीन आठवडे खाणे बंद करतात, कारण थंडीत पचन थांबते आणि पोटातला उंदीर पोटातच कुजतो. मग दोन-अडीच महिने १० ते १५ अंशांत, अंधारात, फक्त पाणी ठेवून साप निजू देतात. वसंतात उष्णता वाढवून पुन्हा खाऊ घालतात, मादीने कात टाकली की नराच्या पेटीत काही दिवस सोडतात. थंडी न देताही काही जोड्या वितात. आपल्याकडच्या माणसाने येथे क्षणभर थांबून विचार करावा, की मुंबईत जानेवारीतही १० अंश कोठून आणावयाचे?

मिलनानंतर महिना-दीड महिन्याने मादी अंडी घालते. त्याआधी ती पुन्हा एकदा कात टाकते, आणि त्यानंतर साधारण दहा दिवसांत अंडी येतात; तेव्हा ओलसर शेवाळ घातलेला डबा पेटीत ठेवावा लागतो. एका खेपेस दहा ते वीस अंडी. कोंबडीच्या अंड्यासारखी कठीण नव्हेत. चामड्यासारखी, एकमेकांना चिकटलेली. कोंबडी आपली अंडी उलथीपालथी करते म्हणून कोणी सापाची अंडी फिरवली तर आतला जीव गुदमरून मरतो. जशी पडली तशीच उचलून, वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण करून, ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये ठेवतात आणि २७ ते २९ अंशांत ५५ ते ६५ दिवस सांभाळतात.

हे दिवस आम्हाला गिरणीतल्या बॉयलरवरच्या पाळीसारखे वाटतात. नजर हटली की घात. थंड देशांतली पुस्तके ऊब कशी द्यावी हे सांगतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. अंडी फुटावयाची ती ऐन उन्हाळ्यात, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. ३२ अंशांच्या वर अंडी फार काळ राहिली तर पिल्ले वाकडी निघतात किंवा निघतच नाहीत. म्हणजे येथे वातानुकूलित खोली हवी, वीज गेली तर दुसरी सोय हवी आणि दोन महिने रोज दोनदा आकडा टिपून ठेवणारा माणूस हवा.

पिल्लू निघताना पाहणे मात्र खरोखरच विलक्षण, असे पाळणारे सांगतात. नाकावरच्या इवल्या दाताने ते कवच चिरते, डोके बाहेर काढते आणि एखादा दिवस तसेच बसून राहते. त्याला ओढून काढू नये. आतला बलक अजून पोटात शोषला जात असतो. वीतभर किंवा थोडे अधिक लांबीचे पिल्लू आठवड्याभरात पहिली कात टाकते आणि मग त्याला पहिला घास लागतो, तो म्हणजे नुकतेच जन्मलेले, केस न फुटलेले उंदराचे पिल्लू.

येथे हिशेब मांडू. पंधरा पिल्ले धरा. आठवड्याला प्रत्येकी एक घास. विकण्याजोगी होईपर्यंत तीन महिने, म्हणजे तेरा आठवडे, लागले, तर १९५ उंदरांची पिल्ले हवीत. परदेशात ती गोठवलेली विकत मिळतात आणि कोमट करून देतात. जिवंत मोठा उंदीर सापालाच चावतो, म्हणून तो देत नाहीत. आपल्या गावात ती मिळणार नसतील तर सापांच्या आधी उंदरांची पैदास घालावी लागेल. त्यांचा वास, दाणापाणी, साफसफाई हे सारे कोण करणार? बहुधा आई किंवा बायको. या मजुरीचा आकडा जोडधंद्याच्या कागदावर कधीच दिसत नाही. शिवाय काही पिल्ले उंदराला तोंडच लावीत नाहीत. रानात त्यांचा पहिला आहार पाली आणि बेडूक, म्हणून उंदराला पालीचा वास चोळून भुलवावे लागते, आणि तरीही दोनचार मरतातच.

मग लोक एवढे का करतात? बऱ्याच अंशी रंगांसाठी. १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात काळा रंग मुळीच नसलेला एक कॉर्न स्नेक रानात सापडला. जॉर्जिया राज्यातल्या वाल्डोस्टा गावचे त्वचारोगतज्ज्ञ बर्नार्ड बेख्टेल यांनी त्याचा संकर साध्या मादीशी केला. पहिली पिढी सगळी साधी निघाली. त्या पिढीतल्या भावंडांचा संकर केल्यावर १९६१ साली तांबड्या-नारिंगी रंगाची, लाल डोळ्यांची पिल्ले निघाली. वाटाण्यावर मेंडेलने जे दाखविले तेच येथे: दबलेला गुण दुसऱ्या पिढीत चारांत एकाच्या हिशेबाने वर येतो. एका डॉक्टराच्या जिज्ञासेतून पुढे रंगांचा मोठा बाजार उभा राहिला. बाजार म्हटला की माल चमकदार हवा. बॉल पायथन या छोट्या अजगरात 'स्पायडर' नावाची एक सुंदर नक्षी आहे. पण तीच नक्षी देणाऱ्या गुणाबरोबर डोके डगडगण्याचा दोषही येतो आणि काही सापांना भक्ष्यावर नेमकी झेपही घेता येत नाही. हे ठाऊक असून ती वीण चालू ठेवली जाते. आमच्या मते हे नीतीला धरून नाही.

बॉल पायथनच्या व्यापाराला दुसरीही बाजू आहे. घाना, टोगो आणि बेनिन या देशांतले गावकरी शेतांतल्या बिळांतून अंडी आणि गाभण माद्या काढून आणतात. पिल्ले निघाली की ती परदेशी जातात. म्हणून पाळणाऱ्याने विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा साप कोणाच्या घरी, कोणत्या जोडीपासून जन्मला. उत्तर नसेल तर घेऊ नये. आपल्याकडेही चोरवाट उघडी आहेच. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत लपविलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. परदेशी जातींपैकी ज्या आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या याद्यांत आहेत, आणि बॉल पायथन त्यांत आहे, त्या बाळगणे, त्यांची पैदास आणि हस्तांतर यांची सरकारदरबारी नोंद करणे २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाले. त्याचे नियम २०२४ मध्ये आले. कॉर्न स्नेक त्या याद्यांत नाही, पण म्हणून तो परवान्यावाचून बाहेरून आणता येतो असे नाही. बाजारात कोणी 'कागदपत्रे नंतर देतो' म्हणाला, तर उठून घरी यावे.

शेवटी पिल्लांचे काय? फ्लोरिडात पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर सुटले, काही सोडले गेले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांचा वंश रुजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तेथे रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ससे तर दिसेनासेच झाले. तेव्हा जोडी लावण्यापूर्वीच किती पिल्लांना घर मिळेल ते मोजावे. पाचच घरे असतील आणि अंडी पंधरा पडली, तर उरलेली दहा उबवू नयेत. ताजी असतानाच गोठवून टाकावीत. तिकडचे जबाबदार पाळणारे असेच करतात. ज्याला हे करवत नसेल, त्याने एकच साप ठेवावा आणि जोडीदार आणू नये.