नांदगावचा सोपा हिशेब

वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर भरती कधी, हे तिथीवरून सांगता येते. तिथीची पाऊणपट करायची: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हिशेब काटेकोर नाही, पण होडी लोटायला पुरतो.

ही तिथी मात्र आधी कोणीतरी काढून दिलेली असते. महाराष्ट्रात तीन शतकांहून अधिक काळ ती मुख्यतः गणेश दैवज्ञाच्या ग्रंथांवरून निघाली. गणेश याच किनाऱ्याचा, वसईच्या दक्षिणेला मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. त्याच्या ‘ग्रहलाघवा’चा आरंभ शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०. वसई पोर्तुगीजांच्या हाती जायला तेव्हा चौदा वर्षे अवकाश होता.

गणेशाने गणितातून ज्या-चाप, म्हणजे साइन आणि तिचे कंसच, काढून टाकले. ग्रह स्पष्ट करायला ज्या लागायचीच; तिच्या जागी त्याने साधे गुणाकार-भागाकार ठेवले, आणि उत्तर फारसे बिघडू दिले नाही. दिवसांची गणतीही आटोक्यात आणली. कलियुगारंभापासूनचे लाखो दिवस मोजण्याऐवजी अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरले. शके १९४८ घ्या: त्यातून १४४२ वजा केले की ५०६, अकराने भागले की ४६ चक्रे, बाकी शून्य. अयनांश, म्हणजे वसंतसंपात आणि राशिचक्राचा आरंभ यांतले अंतर, तेही तसेच: शकातून ४४४ वजा करा, साठाने भागा. शके १९४८ ला २५ अंश ४ कला येतात. चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून मोजलेले आजचे अयनांश सव्वाचोवीसच्या आसपास आहेत. पाचशे वर्षांपूर्वीच्या तोंडी हिशेबाला एवढी चूक माफ असावी.

सोपेपणाइतकाच मोठा गुण वेधांचा. वडील केशव दैवज्ञ यांनी ‘ग्रहकौतुक’ लिहिले आणि आकाशात ग्रह प्रत्यक्ष कुठे दिसतात ते ताडून पाहिले. मुलाने कोणत्याही एका सिद्धांताची भक्ती केली नाही. सूर्य सूर्यसिद्धांताचा, चंद्र त्याचाच पण नऊ कला कमी. गुरू आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेचा, शनी त्याच पक्षाचा पण पाच अंश वाढवून. जुळेल ते घेतले, न जुळेल ते दुरुस्त केले. पुढे ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिणाऱ्या या माणसाला उपपत्ती ठाऊक नव्हती, असे कोण म्हणेल?

या सोयीनेच पुढे घात केला, असे माझे मत. कोष्टक हाताशी आल्यावर आकाशाकडे बघायचे कोणी? ग्रहणाची वेळ चुकू लागली तरी पंचांगे तशीच निघत राहिली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय ग्रंथांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली, आणि शके १७८७ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग सुरू झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त (१८९६) ही सारी परंपरा तपासून मांडली.

भांडण तरीही मिटले नाही. छत्र्यांनी राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगताऱ्यापासून धरला. इतरांना तो चित्रेच्या समोरचा बिंदू हवा होता. १९०४ च्या मुंबईच्या पंचांग परिषदेत टिळकांनीही या वादात भाग घेतला. दोन आरंभांतले अंतर जेमतेम चार अंश. तेवढ्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो, आणि रेवतीचा आरंभ मानणारे टिळक पंचांग पाळणाऱ्या घरातली दिवाळी शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी उरकते.