५०० प्रोफाइल आणि एक संदेश

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. मेगन मोरेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायस्पेस या समाजमाध्यमावरची ५०० प्रोफाइल वाचून काढली. सगळी कुणालाही पाहता येणारी, स्वतःचं वय १८ सांगणाऱ्या मुलामुलींची. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५४ टक्के प्रोफाइलमध्ये जोखमीच्या वर्तनाचा उल्लेख सापडला. दारू, तंबाखू, अमली पदार्थ ४१ टक्के, लैंगिक संबंध २४, हिंसा १४. (एकाच प्रोफाइलमध्ये दोन-तीन विषय येत, त्यामुळे बेरीज ५४ च्या पुढे जाते.)

लिहिलं म्हणजे केलं, असं मात्र नव्हे. या वयात फुशारकी असते, मित्रांवर छाप पाडायची असते. पण पुढे कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं फेसबुक त्यांच्या दारूविषयीच्या प्रश्नावलीशी ताडून पाहिलं, तेव्हा नशेत झिंगल्याचं उघड लिहिणाऱ्यांमध्ये धोकादायक मद्यपानाचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे असा मजकूर वाचून हसून सोडून देणं बरोबर नाही.

मोरेनो आणि सहकाऱ्यांचाच दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. मायस्पेसवरच्या १८ ते २० वयाच्या १९० जणांपैकी निम्म्यांना ‘डॉ. मेग’ या नावाने एकच संदेश गेला: एवढी खासगी माहिती उघड ठेवणं धोक्याचं आहे, आणि लैंगिक आजारांची तपासणी कुठे होते ते इथे पाहा. तीन महिन्यांनी लैंगिक उल्लेख काढून टाकणारे संदेश मिळालेल्यांत १३.७ टक्के होते, संदेश न मिळालेल्यांत ५.३.