उपासमार झालेल्या अजगराची शुश्रूषा

साकोली तालुका हा तलावांचा व धानाचा मुलूख होय. मालगुजारांच्या काळापासून चालत आलेले तलाव, लहानमोठ्या बोड्या, चुलबंद नदीचा काठ आणि जवळच असलेले नागझिऱ्याचे जंगल ह्यांमुळे ह्या भागात अजगराला राहावयास योग्य अशी जागा सहज मिळते. तलावाच्या पाळीवरील बिळे, वारुळे व झाडांच्या ढोल्या ह्यांत तो दिवस काढतो आणि रात्री भक्ष्याच्या शोधात धुऱ्याधुऱ्याने हिंडतो. त्यामुळे रोवणीच्या वा कापणीच्या दिवसांत शेतकऱ्याची व त्याची गाठ पडणे हे नवलाचे नाही.

ह्यांतील काही अजगर अत्यंत हलाखीच्या अवस्थेत आढळतात. मासेमारीच्या नायलॉन जाळ्यात कित्येक दिवस अडकून पडलेला, गारुड्याच्या टोपलीत महिनोन्‌महिने कोंडलेला किंवा कुतूहलापोटी कोणी ड्रममध्ये झाकून ठेवलेला असा हा प्राणी गावकऱ्यांच्या दृष्टीस पडला, म्हणजे सर्वांना दया येते व प्रत्येक जण त्याला काही तरी खाऊ घालण्याची घाई करतो. ही दयाच पुष्कळदा त्याच्या जिवावर बेतते. ती कशी, व त्याऐवजी काय करावे, हे समजावून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अजगर शेतकऱ्याच्या कोणत्या उपयोगाचा?

धानाच्या पिकाला लोंबी धरण्याच्या सुमारास उंदीर व घुशी फुटवे कापून फार मोठे नुकसान करतात. अजगराची पिले व मध्यम वयाचे अजगर मुख्यतः अशाच प्राण्यांवर जगतात. मोठा अजगर ससा, साळिंदर व रानडुकरांची पिलेही गिळतो. क्वचित प्रसंगी तो कोंबडी किंवा बकरीचे करडू उचलतो, ही गोष्ट नाकारता येणार नाही. परंतु खुराडे व गोठा रात्री नीट बंद ठेवल्यास ते टाळता येते. वर्षभर विनामूल्य राखण करणारा हा पहारेकरी आहे, हे ध्यानात ठेवावे.

प्रथम सापाची ओळख पटवावी

अजगर विषारी नाही. तथापि त्याच्या पिलासारखी दिसणारी घोणस अत्यंत विषारी असून, अजगराचे पिलू समजून घोणस हाती धरणे प्राणावर बेतू शकते. घोणसीच्या पाठीवर साखळीच्या कड्यांप्रमाणे एकामागून एक असे लंबगोल ठिपके तीन ओळींत असतात. डोके त्रिकोणी व मान बारीक असते. डिवचली असता ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार करते. अजगराच्या अंगावरील तपकिरी पट्टे मोठे व वेडेवाकडे असून डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. इतके असूनही ओळखीविषयी किंचितही शंका असल्यास सापाला हात लावू नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता रोग्याला विनाविलंब शासकीय रुग्णालयात न्यावे.

उपासमारीची लक्षणे

निरोगी अजगराचे अंग गोल व भरीव असते. उपासमार झालेल्या अजगराच्या पाठीचा कणा वर येतो व त्याचे अंग कौलारू छपराप्रमाणे दोन्ही बाजूंनी उतरते दिसते. कातडीला सुरकुत्या पडतात, चिमटीत धरलेली कातडी लवकर पूर्ववत होत नाही, डोळे खोल जातात व तोंडातील लाळ चिकट होते. जुनी कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहते. खवल्यांच्या खाली गोचीड आढळतात. तोंडाच्या आत लाली, सूज किंवा पू असल्यास मुखरोग झाला आहे असे समजावे.

अजगर एका मोठ्या भक्ष्यावर अनेक आठवडे काढतो. म्हणून ज्या अजगराची हाडे दिसू लागली, त्याची आबाळ आठ-दहा दिवसांची नसून कित्येक महिन्यांची असते. तिची भरपाई एका जेवणाने होणे शक्य नाही.

लगेच खाऊ का घालू नये?

अजगराचे पचन आपल्यासारखे नाही. भक्ष्य पोटात नसते तेव्हा त्याचे आतडे आखडून लहान होते व शरीराचा खर्च अगदी कमी होतो. भक्ष्य गिळल्याबरोबर सर्व यंत्रणा नव्याने उभारावी लागते. आपल्या अजगराचा जवळचा नातेवाईक असलेल्या ब्रह्मी अजगरावरील सन २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, भोजनानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचे वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आतडेही ह्या काळात झपाट्याने वाढते. म्हणजे पचन हेच अजगराला मोठे श्रमाचे काम आहे. अशक्त बैलाला एकदम नांगराला जुंपावे, तसाच हा प्रकार होतो.

ह्याशिवाय दीर्घ उपासानंतर एकदम अन्न मिळाल्यास रक्तातील स्फुरद व पालाश ह्यांचे प्रमाण अकस्मात घटते व हृदय बंद पडण्याचा संभव असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या उपाशी माणसांपैकी पुष्कळजण पोटभर अन्न मिळाल्यानंतरच दगावले, त्याचे एक कारण हेच होते. तिसरी गोष्ट अशी की, साप स्वतःची उष्णता निर्माण करीत नाही. अंग थंड असताना गिळलेले भक्ष्य पचण्याऐवजी पोटातच कुजते. मग तो ते ओकून टाकतो व पूर्वीपेक्षाही अशक्त होतो.

म्हणून शुश्रूषेचा क्रम ठरलेला आहे : प्रथम ऊब, मग पाणी, नंतर विसावा आणि सर्वांत शेवटी अन्न.

गावकऱ्यांनी काय करावे?

समजा, एखाद्या बोडीत जाळ्यात गुरफटलेला, हाडे निघालेला अजगर सापडला. अशा वेळी पुढीलप्रमाणे वागावे.

(१) वन विभागाच्या १९२६ ह्या विनाशुल्क क्रमांकावर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयास ताबडतोब कळवावे.

(२) गर्दी हटवावी. कुत्री व मुले दूर ठेवावी. जाळे ओढू नये. ते कातडीत रुतलेले असते. जाणकार वन कर्मचारी कात्रीने एकेक दोरा कापतील. मोठा अजगर एकट्याने कधीही उचलू नये. त्याचे दात मागे वळलेले असतात व त्याचा विळखा बळकट असतो.

(३) वन कर्मचारी येईतो त्याच्यावर सावली धरावी. साकोलीकडील उन्हाळ्यात तापलेल्या टिनाच्या ड्रममध्ये साप थोड्याच वेळात मरतो. युरियाच्या किंवा औषधाच्या रिकाम्या थैलीत त्याला घालू नये. ठेवणे भागच पडल्यास वन कर्मचाऱ्यांच्या सूचनेनुसार स्वच्छ, हवा खेळणारे बारदान वापरावे.

(४) दूध पाजू नये. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. नागपंचमीच्या सुमारास साप दूध पिताना दिसतो, तो तहानेने व्याकूळ झालेला असतो म्हणून. ते दूध त्याला पचत नाही व श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाचा दाह होतो.

(५) अंगावर गोचीड दिसले तरी पिकावरील कीटकनाशक किंवा गुरांचे गोचीडनाशक लावू नये. ते कातडीतून व श्वासातून शरीरात भिनते व अशक्त साप त्यानेच मरतो.

(६) सापाला हात लागल्यास साबणाने हात धुवावे. सापाच्या विष्ठेत आतड्याचे रोग उत्पन्न करणारे जंतू असू शकतात.

उपचार केंद्रात काय होते?

अशा वन्य प्राण्यांवर उपचार करण्याची सोय नागपूर येथे सेमिनरी हिल्सवरील उपचार केंद्रात व गोरेवाडा येथे आहे. साकोलीहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर असून रस्ता महामार्गाचा आहे. तेथे गेल्यावर काय केले जाते हे ठाऊक असल्यास, ‘नेला आणि उपाशीच ठेवला’ असा गैरसमज होणार नाही.

प्रथम अजगराचे वजन घेऊन त्याला इतर प्राण्यांपासून वेगळे, शांत व अंधाऱ्या पेटीत ठेवतात. पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस व दुसरी सुमारे २७ अंश राहील अशी व्यवस्था करतात, म्हणजे साप आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. नंतर कोमट, उथळ पाण्यात त्याला काही वेळ ठेवतात. त्यामुळे तो पाणी पितो व अडकलेली कातही सैल होते. ती बळाने ओढून काढीत नाहीत. आवश्यक तेव्हा पशुवैद्य सुईवाटे द्रव देतात आणि जखमा व मुखरोग ह्यांवर इलाज करतात.

शरीरातील पाण्याचे प्रमाण सुधारल्यावरच अन्नाचा विचार होतो. फारच क्षीण अजगराला पशुवैद्य नळीने पातळ आहार देतात. इतरांना आरंभी लहान भक्ष्य देतात. उदाहरणार्थ, ४ किलो वजनाच्या अजगराला पहिल्या खेपेस शेकडा ५ ह्या हिशेबाने सुमारे २०० ग्रॅमचे भक्ष्य पुरे होते. हे भक्ष्य मेलेले असावे; जिवंत उंदीर अशक्त सापालाच कुरतडतो. भोजनानंतर किमान दोन दिवस त्याला हलवीत नाहीत. भक्ष्य ओकून पडल्यास दहा-पंधरा दिवस थांबून पुन्हा त्याहून लहान भक्ष्याने सुरुवात करतात. पूर्ण भरण्यास महिने लागतात. हे काम सबुरीचे आहे.

कायदा आणि मुक्तता

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय अजगर पहिल्या अनुसूचीत समाविष्ट आहे. त्याला पकडणे, पाळणे, मारणे किंवा विकणे ह्या गुन्ह्यांस ३ ते ७ वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. म्हणून शुश्रूषेच्या सद्‌हेतूनेही त्याला घरी ठेवता येत नाही.

अलीकडे शहरांतून आफ्रिकेतील बॉल पायथन हा लहान अजगर हौसेने पाळण्याची प्रथा पडली आहे. घाबरला असता तो अंगाचा चेंडू करतो, ह्यावरून त्याला हे नाव पडले. पुरेशी ऊब न मिळाल्याने तोही अन्न सोडतो व खंगतो. त्याच्याही शुश्रूषेचा क्रम वरीलप्रमाणेच आहे. असा परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे. तो नकोसा झाला म्हणून रानात सोडणे मात्र सर्वथा अयोग्य होय. अमेरिकेतील फ्लॉरिडात सुटलेल्या ब्रह्मी अजगरांची संख्या वाढून तेथील लहान सस्तन प्राण्यांचा मोठा संहार झाला आहे.

बरा झालेला आपला अजगर मात्र शक्यतो ज्या परिसरात सापडला त्याच परिसरात वन अधिकाऱ्यांकडून मुक्त केला जातो. दूरच्या अनोळखी रानात सोडलेला साप बिळाच्या व पाण्याच्या शोधात भटकतो व पुष्कळदा रस्त्यावर चिरडला जातो. तेव्हा तो आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर परत आला, तर गावकऱ्यांनी धास्ती न बाळगता त्याला वाट द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती रोवणीपूर्वीच्या शेतकरी सभांतून व मच्छीमार संस्थांच्या बैठकांतून अवश्य सांगावी. उपाशी अजगर दिसला की घास पुढे करावयाचा नाही. सावली धरावयाची, गर्दी आवरावयाची आणि वन विभागास कळवावयाचे, इतके गावात सर्वांना ठाऊक झाले तरी पुष्कळ अजगर वाचतील.