रायफल घ्यायची तर कोणती?

पालघर, बोईसर आणि तारापूर भागात आपले अनेक व्यापारी आणि कारागीर बांधव आहेत. कोणाचे गोदाम गावाबाहेर असते, कोणी रात्री रोकड घेऊन घरी जातो. अशा वेळी ‘परवाना काढून एखादी रायफल घ्यावी काय?’ हा विचार मनात येतो. दुकानदाराकडे जाण्यापूर्वी कोणते शस्त्र कोणत्या कामाचे, हे समजून घ्यावे, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

रायफल आणि बंदूक

बोलताना आपण दोन्हींना बंदूकच म्हणतो, पण फरक मोठा आहे. रायफलच्या नळीत आतून पीळदार चरे असतात. त्यामुळे गोळी गरगर फिरत सरळ आणि दूर जाते. बारा बोरची एकनळी किंवा दुनळी आतून गुळगुळीत असते. तिच्या काडतुसातून छर्रे सुटतात, ते पसरतात आणि काहीशे मीटरमध्ये त्यांचे बळ संपते.

रायफलचे प्रकार

पहिली ३१५ बोर. लष्करी ३०३ चे काडतूस सामान्य नागरिकाला मना असल्याने हा बोर आपल्याकडे रूढ झाला. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ही रायफल प्रसिद्ध आहे. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो. हिची गोळी किलोमीटरभराच्याही पुढे जाते.

दुसरी २२ बोर. आवाज आणि धक्का कमी, काडतूस छोटे. ही मुख्यतः नेमबाजीची रायफल. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, ते याच बोरच्या रायफलीने. मात्र हिला खेळणे समजू नये. हिचीही गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

तिसरी हवेच्या दाबाची एअर रायफल. बोर १७७ पर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मुलामुलींना नेमबाजी शिकवायची असेल तर सुरुवात हिनेच करावी.

जुनी विलायती रायफल दिसायला देखणी असते. पण काडतूस मिळाले नाही तर तिचा उपयोग भिंतीवर टांगण्यापुरताच.

आपल्या भागाचा विचार

तारापूर एमआयडीसीत कारखान्याला कारखाना लागून आहे. रसायनांच्या टाक्या, पिंपे आणि पत्र्याच्या शेड आहेत, शेजारीच कामगारांच्या चाळी आहेत. ३१५ ची गोळी पत्रा सहज भेदते. नेम चुकला तर ती कोणाच्या घरात किंवा कोणत्या टाकीत शिरेल, हे सांगता येत नाही. म्हणून गाळा-गोदामाच्या राखणीसाठी रायफल हे चुकीचे शस्त्र आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही संरक्षणासाठी वीस इंच किंवा अधिक लांब नळीच्या गुळगुळीत बंदुकीचा आणि पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख केला आहे. रायफलसाठी सबळ कारण दाखवावे लागते.

रानडुकरांचा त्रास असलेल्या वाडीवाल्यांनीही ध्यानात ठेवावे की १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार लेखी परवानगीविना शिकार हा गुन्हा आहे. हाती परवाना आहे म्हणून जनावर मारता येत नाही.

परवान्याच्या बाबी

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून पालघर-बोईसरकरांना ठाण्याला जावे लागत नाही, अर्ज पालघरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. पोलीस चौकशी होते. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षे आहे आणि एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात.

तीन गोष्टींत आपले लोक विशेष फसतात. एक, मालकाचे शस्त्र रखवालदाराच्या हाती देणे. त्याचे नाव रीतसर परवान्यावर नोंदलेले नसेल तर दोघेही अडकतात. दोन, वडिलांच्या पश्चात त्यांची बंदूक घरात ठेवून देणे. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, पावती घेऊन वारसाने स्वतःचा अर्ज करावा. तीन, लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे. त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

शेवटचा हिशेब

साध्या चोरीसाठी चोराचा जीव घेण्याची मुभा कायदा देत नाही. गल्ल्यातील रक्कम गेली तर ती पुन्हा कमावता येते. पण एका गोळीने माणूस गेला तर कोर्टाच्या फेऱ्यांत धंदाही जातो आणि घरही बसते. म्हणून आधी मजबूत शटर, चांगले कुलूप, कॅमेरा, मालाचा विमा आणि रोकड रोजच्या रोज बँकेत भरण्याची सवय यांवर खर्च करावा. त्यानंतरही जिवाला खरा धोका वाटत असेल तर बारा बोरचा विचार करावा. रायफल घ्यायचीच असेल तर ती नेमबाजीसाठी घ्यावी आणि रिकामी करून, बोल्ट काढून, काडतुसांपासून वेगळी कुलपात ठेवावी.