इझारकाठच्या कच्च्या वाटा

म्युनिक, सप्टेंबर

डोंगरावरच्या कुरणांतून गुरं गावाकडे परतू लागली की दक्षिण बव्हेरियातला उन्हाळा सरला. उन्हाळाभर वर एकही जनावर दगावलं नसेल, तर गुराखी गाईंच्या डोक्यावर फुलापानांचे मुकुट बांधतात, गळ्यात मोठ्या घंटा घालतात आणि कळप वाजतगाजत खाली आणतात. तिकडे आमच्या वसईत भाताला लोंबी धरते त्याच सुमाराची ही गोष्ट. गुरं उतरतात ती वाट बहुधा डांबर नसलेली, खडीची असते. हल्ली तिच्यावरून सायकलीही मोठ्या संख्येने जातात. कळप समोर आला की सायकलवाले उतरून कडेला उभे राहतात. घाई कुणालाच नसते.

या सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर चांगले चार-साडेचार सेंटीमीटर रुंद, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर. कॅन्ससच्या कच्च्या रस्त्यांवर 2006 साली एक लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली, तिच्यासारख्या शर्यतींनी अमेरिकेत या प्रकाराची गोडी लावली. 2022 मध्ये त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीच्या व्हेनेटो प्रांतात, आल्प्सच्या दक्षिण पायथ्याशी भरली. पण शर्यती बाजूला ठेवू. मला लिहायचं आहे ते वाटांविषयी, कारण वसईतल्या भुईगावच्या माणसाने इथून काही शिकण्यासारखं असेल तर ते सायकलीत नाही, वाटेत आहे.

म्युनिकहून डोंगराकडे जायचं तर इझार नदी धरायची. शहर सुमारे 520 मीटर उंचीवर, आणि ऑस्ट्रियाच्या सीमेलगतचं मिटनवाल्ड 900 मीटरच्या थोडं वर. म्हणजे एवढ्या लांबच्या प्रवासात चढ तसा बेताचाच. शहर सुटलं की झाडीतली वाट, मग शेफ्टलार्नचा आठव्या शतकातला मठ, पुढे वोल्फ्राट्सहाउझेन. तिथे लोइझाख नदी इझारला मिळते आणि पुपलिंगर आउ नावाचं पूरमैदान लागतं: पांढरे गोटे, खुरटे पाइन, ऋतूत ऑर्किडची फुलं. मग बाड ट्योल्झ, लेंगरीस, आणि तिथून दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ येत जातात. शेताच्या कोपऱ्यावर, दोन वाटा फुटतात तिथे, लाकडी क्रूस उभे असतात. कुणीतरी खाली ताजी फुलं ठेवलेली असतात. असेच क्रूस पाहत वाढलेल्या वसईच्या माणसाला ही जागा परकी वाटत नाही.

वाटेत खडी एवढी का, याचं उत्तर हिमयुगात आहे. आल्प्समधून खाली सरकलेल्या हिमनद्यांनी डोंगर खरवडून आणले आणि वितळताना सगळा माल पायथ्याशी टाकला. आज जी लाटांसारखी हिरवी टेकाडं दिसतात ती त्यांनीच सोडलेले ढिगारे, स्टार्नबर्ग आणि अमर ही सरोवरं त्यांनीच कोरलेली, आणि म्युनिक शहर बसलं आहे ते त्या वितळलेल्या पाण्याने पसरलेल्या गोट्यांच्या थरावर. इझार अजूनही चुनखडीचा गोटा आणते. निदान आणू पाहते.

कारण नदीचा मोठा भाग माणसाने बांधून घेतला आहे. 1924 साली वाल्खनझे सरोवराचं वीजकेंद्र सुरू झालं. वरच्या सरोवरातून दोनशे मीटर खाली कोखेल सरोवरात पाणी सोडून वीज काढायची, आणि त्यासाठी क्र्युन गावापाशी इझार वळवायची. त्यानंतर कित्येक दशकं क्र्युनच्या खालचं पात्र बराच काळ कोरडं असे. 1990 पासून ठरावीक पाणी पात्रात सोडणं बंधनकारक झालं. त्याच्याही खाली 1954 ते 1959 या काळात झिल्वनश्टाइन धरण बांधलं, तेव्हा फाल नावाचं गाव पाण्याखाली गेलं आणि वरच्या अंगाला नव्याने वसवलं. या धरणाने म्युनिकला पुरांतून वाचवलं आहे हे खरं. पण गोटा धरणाच्या वर अडतो, आणि खाली नदी आपलाच तळ खणत जाते. तिथून सायकल चालवताना मला तानसा आठवते. ते धरण 1892 मध्ये झालं आणि तानसेचं पाणी तेव्हापासून मुंबईच्या नळांत जातं. आमच्या वैतरणेच्या वाळूचं काय झालं ते रेतीउपसा पाहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शहराची गरज नदीच्या काठच्या गावांनी भागवावी, हे तिथेही घडलं आणि इथेही. फरक एवढाच, की इथे नदीचा वाटा परत मागणारे लोक चिकाटीने मागत राहिले. म्युनिक शहरातच 2000 ते 2011 या काळात इझारच्या आठ किलोमीटर पात्रातले सरळ बांधलेले काठ मोडून तिला पुन्हा गोट्यांचे किनारे दिले गेले. आज उन्हाळ्यात अर्धं शहर तिथे पाण्यात पाय सोडून बसलेलं असतं.

आता वाटेकडे येतो. झिल्वनश्टाइनच्या पलीकडे फोरडररीस ते वालगाउ हा रस्ता नदीच्या काठाने जातो. तिथे मोटारींना टोल आहे, सायकलींना नाही. त्याच्या आजूबाजूच्या डोंगरांत शिरणारे रस्ते मात्र जंगलखात्याचे. सरकारी जंगल सांभाळणारी संस्था 2005 साली उभी राहिली आणि तिच्याकडे सुमारे 8 लाख हेक्टर जमीन आहे. लाकडाचे अवजड ट्रक यावेत म्हणून हे रस्ते बांधलेले, म्हणून ते मजबूत. खाली मोठा दगड, वर बारीक चुनखडी, पाणी मारून रोलर फिरवलेला. रस्ता मधोमध किंचित उंच, कडेला चर, आणि जिथे ओहोळ आडवा येतो तिथे मोरी. आमचे बांधकाम खात्यातले लोक याला डब्ल्यूबीएम म्हणतील. पण आपल्याकडे डब्ल्यूबीएम ही डांबराच्या आधीची पायरी असते. वर डांबर पडलं नाही तर काम अर्धवट राहिलं असं गावही समजतं आणि ठेकेदारही. इथे तोच शेवटचा थर. दरवर्षी चर साफ होतात, खड्ड्यात नवी खडी पडते, आणि रस्ता तसाच राहतो. त्यातून पाणी मुरतं, गाड्या सावकाश जातात. त्याची डागडुजी गावातल्या माणसालाही जमते. कच्चा रस्ता ठेवणं हा इथे ठरवून घेतलेला निर्णय आहे, आणि तो पार पाडायला सतत मेहनत लागते.

पण चांगला रस्ता असून भागत नाही, त्यावरून जाऊ द्यायला हवं. इथे मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एका कलमाचा. बव्हेरियाच्या राज्यघटनेचं 141वं कलम सांगतं, की निसर्गाच्या सौंदर्याचा आनंद घेण्याचा हक्क सगळ्यांचा आहे: जंगलात आणि डोंगराच्या कुरणात जाण्याचा, पाण्यातून जाण्याचा, आणि रानातली फळं-अळंबी नेहमीच्या प्रमाणात गोळा करण्याचाही. पुढे सरकार आणि गावांवर डोंगर, सरोवरं, नद्या यांच्याकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे. ही घटना 1946 च्या डिसेंबरमध्ये, देश उद्ध्वस्त झालेला असताना, जनमताने स्वीकारली गेली. तिचा मसुदा करण्यात मुख्य वाटा विल्हेल्म ह्योगनर यांचा. नाझींपासून पळून ते अनेक वर्षं स्वित्झर्लंडमध्ये राहिले होते. भाकरीची भ्रांत होती, घरांना छप्परं नव्हती, आणि त्या वेळी या माणसांना डोंगरात फिरण्याचा हक्क घटनेत लिहावासा वाटला. खाजगी जंगलातही तो लागू आहे. सायकलला योग्य वाटांवर परवानगी आहे, आणि पायी चालणाऱ्याचा हक्क सायकलच्या आधी.

याने सगळं सुरळीत झालं आहे असं नाही. स्टार्नबर्ग सरोवराचा बराच काठ बंगलेवाल्यांच्या कुंपणात आहे. अरुंद पायवाटांवरून सायकल नेण्यावरून पायी चालणारे आणि सायकलवाले भांडतात. वसंतात गोट्यांच्या बेटांवर पाणपक्षी अंडी घालतात, तेव्हा ती जागा बंद असते, आणि पाटी वाचूनही आत शिरणारे भेटतात. रविवारच्या सकाळी लेंगरीसच्या गाडीत सायकल चढवायला जागा मिळणं मुश्किल. पण वाद होतो तो वाट कशी वापरायची याचा. वाट असावी की नाही, हा प्रश्न सुटलेला आहे.

आपल्याकडे तो सुटलेला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदार शेताच्या बांधावरून रस्ता देऊ शकतो, आणि 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेली वहिवाट मोकळी करता येते. हे दोन्ही कायदे मोलाचे आहेत, पण त्यांतला हक्क शेत कसणाऱ्याचा. वाटेने नुसतं चालत जाणाऱ्या मुलाचा, सायकलवरून जाणाऱ्या बाईचा, समुद्र बघायला निघालेल्या म्हाताऱ्याचा हक्क त्यांत सापडत नाही. शेतरस्त्यांसाठी 2021 पासून पाणंद रस्त्यांची योजना आहे, तीही शेतमालाच्या गाडीसाठी.

आणि वाटा आपल्याकडे काय कमी आहेत? भुईगावच्या सुरूच्या बनापासून निघावं, वाड्यांमधून आणि बावखल नावाच्या तळ्यांच्या काठाने निर्मळ, मग सोपारा, महामार्ग ओलांडून तुंगारेश्वरचा पायथा. शिरसाड-अंबाडी रस्त्याने पारोळ, तिथून वज्रेश्वरी आणि गणेशपुरी, तानसेचं खोरं. समुद्रापासून सह्याद्रीच्या पुढच्या रांगेपर्यंतचा हा पट्टा मला इझारच्या खोऱ्याइतकाच देखणा वाटतो, आणि तो दिवसभरात सायकलने होण्यासारखा आहे. वसईचं हिरवेपण राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने जो लढा दिला तो जमिनीवर काय उभं राहू द्यायचं याचा होता. जमिनीवरून कोण जाऊ शकतो, हा त्याचाच पुढचा भाग आहे. वाडी बिल्डरकडे गेली की पहिल्यांदा बंद होते ती तिच्यातून जाणारी वाट.

म्हणून गावात येत्या दिवाळीनंतर रस्त्यांच्या कामांची यादी होईल, तेव्हा माझी मागणी अशी आहे: समुद्राकडे आणि खारभूमीच्या बांधावर जाणाऱ्या वाटांवर डांबर किंवा काँक्रीट घालू नये. मोऱ्या बांधाव्यात, चर काढावेत, खडी दाबून बसवावी, आणि दर पावसाळ्यानंतर डागडुजीसाठी पैसे राखून ठेवावेत. आणि त्याआधी, या वाटा ज्या ज्या सातबाऱ्यांवरून जातात त्यांच्या इतर हक्कांच्या रकान्यात वहिवाट नोंदवून घ्यावी, शेजारच्या शेतमालकाच्या नावे नाही, सगळ्यांच्या.